१ मीटर ७७

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ आहे. शिवणाच्या डब्यातली टेप १५० सेंटिमीटरला संपते, म्हणून आधी तिथे एक बारीक खूण केली, मग टेपचं टोक त्या खुणेला लावून वर आणखी २७ मोजले. माझी उंची १५८. रेघ माझ्या डोक्याच्याही वर जवळजवळ वीतभर गेली. पोळ्या करताना मान वळवली की ती दिसते. आणि दर वेळी माझ्या डाव्या पायाचा चवडा आपोआप जमीन दाबतो, इतक्या वर्षांनीसुद्धा.

१७ नोव्हेंबर १९५७, रविवार. बीजिंगच्या, म्हणजे आपल्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या पेकिंगच्या, शियाननोंगतान मैदानावर झेंग फेंगरोंग नावाची विशीची मुलगी एवढ्या उंचीवर ठेवलेल्या काठीवरून पलीकडे गेली. तोवर जगातल्या कुठल्याही बाईच्या नावावर एवढी उंच उडी लागलेली नव्हती.

तिच्याबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते २०२१च्या पावसाळ्यात, टोकियो ऑलिंपिकच्या दिवसांत. बातमी खरं तर तिच्या नातीची होती. नातीकडे मी येईनच. पण त्या बातमीत एका वाक्यापुरती आजी होती, आणि मी त्या वाक्यापाशीच थांबले. कारण मीही उंच उडी मारायचे.

सांगली जिल्ह्यातली आमची शाळा. मैदानाच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, उडीचा खड्डा. दिवाळीनंतर ट्रॅक्टरने नदीची वाळू यायची आणि स्पर्धा जवळ येईपर्यंत दहिवराने आवळून दगडासारखी बसायची. सकाळी सहाला आम्ही चौघीजणी फावडं घेऊन ती उकरायचो. रात्री कुत्र्यामांजरांनी केलेली घाण आधी बाजूला काढायची, मग बाभळीचे काटे वेचायचे. दोन खांबांना दर पाच सेंटिमीटरला खिळे ठोकलेले, त्यांच्यावर वेळूची काठी. ती काठी मधोमध थोडी वाकलेली होती. त्यामुळे सगळ्या मुली बरोबर मधूनच उडायच्या, तिथे दोन बोटांची सूट मिळायची. पी.टी.चे सर खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसायचे आणि ओरडायचे, "कात्री मार पोरी, कात्री!"

कात्री म्हणजे काय ते ज्यांनी मारली त्यांनाच कळेल, तरी सांगते. काठीकडे तिरकं धावत यायचं. काठीपासून लांबचा पाय जमिनीवर दाणकन रोवायचा आणि जवळचा पाय सरळ वर फेकायचा. तो पलीकडे गेला की मागचा पाय त्याच्यामागून वर. मधे एक क्षण असा येतो की आपण हवेत बसलेलो असतो. पाठ ताठ, दोन्ही पाय समोर, खाली काठी. मग एक पाय वाळूत, लगेच दुसरा. पडायचं नाही, उतरायचं. माझी सगळ्यात चांगली उडी १ मीटर ३६ होती. जिल्ह्यात पहिली आले होते. विभागाच्या स्पर्धेसाठी माझं नाव निघालं. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की मुलीला चार दिवस परगावी मुक्कामी पाठवायचं नाही. सर दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्यांदा आले नाहीत. पुढच्या वर्षी मी दहावीत होते, आणि मग तो विषय निघालाच नाही.

झेंग फेंगरोंगनेही ते १ मीटर ७७ कात्रीनेच पार केलं होतं. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

कारण कात्री हा उंच उडीतला सगळ्यात महाग प्रकार आहे. हवेत बसलेल्या माणसाचं धड काठीच्या बरंच वर असतं. काठी १ मीटर ७७वर असेल, तर शरीराचा सगळा भार त्याच्याही वर उचलून न्यावा लागतो. पोटाची बाजू खाली करून काठीभोवती लोळत जाणारे उडीपटू ही उंची वाचवतात. आणि आता सगळेच मारतात ती पाठीवरची उडी त्याहून जास्त वाचवते. त्या उडीत आधी डोकं पलीकडे जातं, मग पाठ कमान करून जाते, शेवटी पाय. १९६८ साली मेक्सिको सिटीत डिक फॉस्बरीने ती मारून २ मीटर २४ने सुवर्ण जिंकलं, आणि काही वर्षांतच सगळं जग पाठीवर उडायला लागलं. पण त्या उडीत माणूस मानेवर आणि पाठीवर पडतो. त्याला खाली फोमची जाड गादी लागते, आणि गाद्या मैदानांवर आल्या साठच्या दशकात. वाळूत पाठीवर पडून बघायची हिंमत कुणी करू नये. वाळूत पायांवरच उतरावं लागतं. म्हणून १९५७चे १७७ सेंटिमीटर आणि आजचे १७७ सेंटिमीटर टेपवर सारखे दिसले, तरी पायाला सारखे नसतात. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगायची गरज नव्हती. माझ्या गुडघ्याला ते माहीत होतं.

तिचं नाव मी बरेच दिवस चुकीचं म्हणत होते. चिनी नावात आडनाव आधी येतं. झेंग हे आडनाव, फेंगरोंग हे नाव. फेंग म्हणजे त्यांच्या पुराणकथांतला तो दिव्य पक्षी, आपल्याकडे फिनिक्स म्हणून ओळखतात तसा. रोंग म्हणजे भरभराट, मानसन्मान. मुलीचं नाव पक्ष्याचं ठेवावं आणि तिने उडावं, असं क्वचितच जुळून येतं.

ती १९३७ साली शानडोंग प्रांतातल्या जीनान शहरात जन्मली. जीनान झऱ्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. तिथला सगळ्यात प्रसिद्ध झरा बाओतू. जमिनीतून वर उसळ्या मारत येणारं पाणी, असा त्या नावाचा भाव. आणि ते नाव ज्या चिन्हाने लिहायला सुरुवात होते, त्या चिन्हात ‘पाय’ दाखवणारा भाग आहे. पाणी पायावर उभं राहून उडी घेतं, असंच जणू कुणीतरी लिहून ठेवलंय. झेंग जन्मली त्याच वर्षाच्या जुलैत जपानने चीनशी उघड युद्ध सुरू केलं आणि डिसेंबर संपता संपता जीनान पडलं. तिचं तान्हेपण आणि बालपण परक्या सैन्याच्या ताब्यातल्या शहरात गेलं, मग यादवी युद्धात. १९४९मध्ये नवं सरकार आलं तेव्हा ती बारा वर्षांची होती.

पायांबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. चीनमध्ये मुलींचे पाय बांधायची रीत शेकडो वर्षं चालली. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पावलं कापडाच्या पट्ट्यांनी आवळून, बोटं तळव्याखाली मुडपून बांधायची. पाऊल वाढूच द्यायचं नाही. १९१२ साली तिच्यावर बंदी आली, पण खेड्यापाड्यांत ती पुढेही कित्येक वर्षं चालू राहिली. म्हणजे झेंग लहान असताना तिच्या रस्त्यावर, तिच्या शेजारात, असे पाय घेऊन भिंतीला धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या नक्की दिसत असणार. त्यांच्यानंतर दोनच पिढ्यांनी ही मुलगी आली. तळपाय जमिनीवर सपाट, पूर्ण, आणि त्याच तळपायावर सगळा भार टाकून वर गेली. मी उडी मारायचे तेव्हा सगळा खेळ त्या एका पावलात असायचा. पाऊल नीट पडलं की पुढचं आपोआप होतं. त्यामुळे या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल, तर हे पाऊल.

नव्या सरकारला खेळाडू हवे होते. ‘पूर्व आशियाचा आजारी माणूस’ हे परक्यांनी लावलेलं विशेषण चिनी माणसाला फार झोंबत होतं. १९३२ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला चीनमधून एकच खेळाडू गेला होता, ल्यू चांगचुन नावाचा धावपटू. तीनेक आठवडे जहाजातून प्रवास करून तो पोहोचला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. १९५२ला हेलसिंकीला नव्या चीनचा संघ इतका उशिरा पोहोचला, की त्यातला एकच जण, वू चुआन्यू नावाचा जलतरणपटू, प्रत्यक्ष पाण्यात उतरू शकला. त्यामुळे पन्नासच्या दशकात गावागावांतून मुलं-मुली निवडून बीजिंगला आणली जात होती. जीनानची झेंग त्यातलीच एक. तिला प्रशिक्षक मिळाले ह्वांग जियान. ते सोव्हिएत संघात वाढलेले, मॉस्कोत शिकलेले. ताल, धावेची पावलं, पायाची ताकद हे सगळं मोजून-मापून शिकवणारा माणूस त्या काळच्या चीनमध्ये मिळणं हे भाग्यच. मला आमचे सर आठवतात. त्यांनी स्वतः उंच उडी कधी मारली नव्हती. पण माझी धाव किती पावलांची ते त्यांनी वाळूत काठीने खुणा करून मला शिकवलं होतं. नऊ पावलं. अजूनही मोजता येतात.

मग आलं १९५६. मेलबर्नचं ऑलिंपिक नोव्हेंबरच्या अखेरीस होतं. चीनने मोठ्या संघाची तयारी केली होती आणि झेंग त्या तयारीतल्या मुलींमध्ये होती. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तैवानच्या, म्हणजे यादवी युद्धात हरून त्या बेटावर गेलेल्या जुन्या सरकारच्या, संघालाही बोलावलं होतं. एका देशाच्या नावाने दोन संघ, दोन झेंडे. बीजिंगचं म्हणणं होतं की ते येणार असतील तर आम्ही येणार नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चीनने माघार जाहीर केली. जायला काही दिवसच उरले होते.

१ डिसेंबर १९५६ला मेलबर्नमध्ये मिल्ड्रेड मॅकडॅनियल ही अमेरिकन कृष्णवर्णीय मुलगी १ मीटर ७६ उडाली. सुवर्ण आणि विश्वविक्रम दोन्ही एकाच उडीत. तिच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर ज्या दोघी होत्या त्यांची उंची १ मीटर ६७. हे आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसले होते. ७६ आणि ६७. आणि वर्षभराच्या आत बीजिंगमध्ये ७७.

झेंगने ती उडी जिथे मारली ते मैदान म्हणजे तीसच्या दशकात बांधलेलं क्रीडागार, शेतीच्या देवतेच्या जुन्या वेदीच्या आवारातलं. मिंग आणि चिंग घराण्यांचे बादशहा तिथे वसंतात येऊन स्वतः नांगराला हात लावायचे. पेरणीच्या आधी देशाचा पहिला नांगर बादशहाने धरायचा, अशी रीत. त्याच मातीत १९५७च्या नोव्हेंबरात एक मुलगी धावत आली. बीजिंगचा नोव्हेंबर म्हणजे उघड्या पोटऱ्यांना बोचणारी थंडी. अशा थंडीत उडी मारणं किती अवघड असतं! स्नायू गरम राहत नाहीत, दोन उड्यांच्या मधे अंगावर गुंडाळून बसावं लागतं, आणि वेळ आली की ते टाकून पुन्हा त्या थंडीत उभं राहावं लागतं. मला तिचा एक जुना काळा-पांढरा फोटो मिळाला. काठीच्या वर ताठ बसलेली. ती कसलीही कसरत करत नाहीये असं वाटतं. एखादी मुलगी ओट्यावर चढून बसते ना, तशी.

कुठलाही विश्वविक्रम मोडणारी ती चीनची पहिली स्त्री. तिला वसंताची खबर आणणाऱ्या पाकोळीची उपमा दिली गेली आणि ती तिला कायमची चिकटली. उपमा सुंदर आहे. पण पाकोळीच्या मागे ऋतू येतो, तसा तिच्या मागे आला नाही.

विक्रम २०२ दिवस टिकला. ७ जून १९५८ला रोमानियाची योलांडा बालाश १ मीटर ७८ उडाली. बालाश ही उंच उडीतली एक अफाट बाई. उंची १८५ सेंटिमीटर, तीही कात्रीच्याच जवळपासची उडी मारणारी. तिने एकामागून एक विक्रम रचत १९६१च्या जुलैपर्यंत ती उंची १ मीटर ९१वर नेऊन ठेवली, आणि ती पुढे दहा वर्षं कुणाला मोडता आली नाही. महिलांच्या उंच उडीच्या विश्वविक्रमांची यादी काढली की या काळात ओळीने बालाश, बालाश, बालाश दिसते. मधेच एका ओळीवर झेंग. खाली पुन्हा बालाश. मला ती एक ओळ फार मोलाची वाटते. अधिकृत यादीत ती ओळ आहे, कारण तोवर चीन आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघात होता.

झेंगचा विक्रम मोडल्यावर दोन महिन्यांनी, १९ ऑगस्ट १९५८ला, चीन तिथूनही बाहेर पडला. ऑलिंपिक समिती सोडली, ॲथलेटिक्स महासंघ सोडला, इतरही खेळांच्या संघटना सोडल्या. कारण तेच, तैवान. १९६०ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये बालाशने १ मीटर ८५ने सुवर्ण घेतलं. ते तिचंच होतं, तिच्यापुढे कुणी टिकलं नसतं. पण दुसरा क्रमांक दोघींमध्ये वाटला गेला, १ मीटर ७१ला. त्या वेळी झेंग २३ वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी ती याच्यापेक्षा सहा सेंटिमीटर उंच उडून बसली होती.

असं झालं असतं तर तसं झालं असतं, हे मांडायला मला आवडत नाही. रोमच्या दिवशी तिचा पाय कसा असता, कोण जाणे. एवढंच म्हणते की उडी मारणाऱ्या शरीराचे दिवस फार थोडे असतात. आठ वर्षं, फार तर दहा. देशांना मात्र वेळच वेळ असतो. त्यांना नावाच्या पाटीवरून एकवीस वर्षं भांडायला परवडतं. १९७९मध्ये तोडगा निघाला. तैवानने ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि वेगळ्या झेंड्याखाली खेळायचं, बीजिंगने परत यायचं. १९८४ला चीनचा संघ पहिल्यांदा पूर्ण ताकदीने उन्हाळी ऑलिंपिकला गेला तेव्हा झेंग ४७ वर्षांची होती.

मधल्या काळात चिनी खेळावर जे कोसळलं ते वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओने १९६६ला ‘जुन्या विचारांच्या’ माणसांविरुद्ध सुरू केलेल्या मोहिमेत, खेळाडू आणि प्रशिक्षक हेही शत्रू ठरवले गेले. १९५९ला टेबल टेनिसमध्ये चीनला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून देणारा रोंग ग्वोत्वान याने १९६८मध्ये आत्महत्या केली. त्याच वर्षी त्याच्या दोन सहकाऱ्यांनीही. क्रीडा आयोगाचे प्रमुख मार्शल हे लोंग (आडनाव ‘हे’, नाव ‘लोंग’) १९६९ला कैदेत असताना वारले.

आणि तरीही कुणीतरी उडत होतं. ह्वांग जियान यांचाच आणखी एक शिष्य नी झीचिन, फुजियान प्रांतातल्या च्वानचौचा. ८ नोव्हेंबर १९७०ला चांगशा शहरात तो २ मीटर २९ उडाला. रशियाच्या व्हॅलेरी ब्रुमेलचा २ मीटर २८चा विश्वविक्रम १९६३पासून उभा होता. नी त्याच्याहून एक सेंटिमीटर वर गेला. पण चीन महासंघात नव्हता, म्हणून ती उडी कुठल्याही अधिकृत यादीत नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेचा पॅट मॅट्झडॉर्फ बर्कलीला तेवढीच उंच उडी मारतो आणि विक्रम त्याच्या नावावर लागतो. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकीची उडी यादीत आहे, पण तिला ऑलिंपिक नाही. दुसऱ्याला ऑलिंपिकही नाही आणि यादीही नाही. मी नीचा विचार करते तेव्हा मला त्याचा राग दिसत नाही, मला त्या मैदानावरचे लोक दिसतात. त्यांनी ती उडी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्यासाठी ती झालेलीच होती.

आमच्या घरात चीन म्हटलं की दोनच गोष्टी निघायच्या, सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आणि बासष्टचं युद्ध. आजोबा पहिल्याबद्दल हळवे व्हायचे, वडील दुसऱ्याबद्दल गप्प. तिसरी गोष्ट माझ्यासाठी १९८२च्या हिवाळ्यात आली. दिल्लीच्या आशियाई स्पर्धा. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरं दाटीवाटीने बसलेलो. उंच उडीत एक काटकुळा चिनी मुलगा आला, झू जियानह्वा, शांघायचा, एकोणीस वर्षांचा. तो गादीवर पाठीवर पडला आणि आम्ही सगळे "अगं बाई!" म्हणून ओरडलो, कारण आम्हाला वाटलं की तो पडला, चुकला. तो २ मीटर ३३ उडाला होता. आशियाई विक्रम. मी पाठीवरची उडी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात ती करून बघितली आणि मान आठवडाभर वळत नव्हती.

झूने पुढे १९८३-८४मध्ये तीनदा विश्वविक्रम केला. २.३७, २.३८, २.३९. लॉस एंजेलिसला त्याला कांस्य मिळालं, २ मीटर ३१ला. ॲथलेटिक्समधलं जनवादी चीनचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पण देशाला सुवर्ण हवं होतं. त्याच्या शांघायच्या घराच्या काचा लोकांनी फोडल्या. झेंगला ऑलिंपिकला जाऊ दिलं नाही, आणि झू गेला तर सोन्याशिवाय परत यायची त्याला मुभा नव्हती. हे मला आजही सहन होत नाही.

झेंगचा नवरा द्वान चियान हाही उंच उडीवालाच. त्यांची मुलगी द्वान ली पुढे कॅनडात गेली. ८ ऑगस्ट २००८च्या रात्री बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात पाच वलयांचा झेंडा आडवा धरून आठ जण मैदानात चालत आले, त्यांत झेंग होती. ७१ वर्षांची. तिच्याबरोबर पन्नासच्या दशकात पोहण्याचे विक्रम करणारा मू शियांगशियोंग होता. उत्तरेच्या बाजूने एव्हरेस्ट चढलेली पान दुओ होती. मी ते दृश्य तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. पण ही बाई कोण ते मला माहीत नव्हतं. नंतर पुन्हा शोधून पाहिलं. झेंड्याची कड धरलेला हात बघितला. ज्या ऑलिंपिकला तिला जायला मिळालं नाही, त्याच ऑलिंपिकचं कापड तिच्या मुठीत होतं.

आता नात. निना शुल्झ, १९९८मध्ये कॅनडात जन्मलेली. खेळ हेप्टॅथलॉन, दोन दिवसांत सात प्रकार. त्यातला दुसरा प्रकार उंच उडी. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कॅनडासाठी रौप्य मिळवलं होतं. मग तिने ठरवलं की ऑलिंपिक खेळायचं ते आजीच्या देशाकडून. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे कॅनडाचं सोडून द्यावं लागलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये ती टोकियोत चीनची खेळाडू म्हणून उतरली. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने सातही प्रकार पूर्ण केले आणि ६३१८ गुणांनी दहावी आली.

निकालाच्या पत्रकात तिचं नाव शुल्झ नव्हतं. झेंग निनाली होतं.

हे नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे फेंगरोंग झेंगच राहिली. पण मुलीला आडनाव वडिलांचं मिळालं, द्वान. नातीला तिच्या वडिलांचं, शुल्झ. म्हणजे झेंग हे नाव दोन पिढ्यांमागे थांबलेलं होतं. नातीने ते मुद्दाम जाऊन उचललं. आईच्या आईचं आडनाव. आपल्याकडे आईच्या आईचं माहेरचं आडनाव किती जणींना सांगता येईल? मला येत नव्हतं. मी त्या रात्री आईला फोन करून विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "कशाला गं आता?" आणि मग सांगितलं.

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. लग्नाच्या पत्रिका, मुलाच्या पहिलीच्या वह्या, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. उंच उडी, मुली, प्रथम, १ मी. ३६. नावाच्या जागी शाळेतल्या कुणीतरी निळ्या शाईने वळणदार अक्षरात माझं माहेरचं नाव लिहिलेलं. तीस वर्षांहून जास्त काळ ते नाव मी कुठेही सही म्हणून लिहिलेलं नाही.

स्वयंपाकघरात गेले. शिवणाचा डबा काढला. १७७च्या रेघेखाली दुसरी रेघ मारली आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरात ते नाव लिहिलं. या रेघेला एकच टेप पुरली.